वणव्याचा मेसेज येईपर्यंत थांबावे का?

प्रश्न : माझा मुलगा, सून आणि नात ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या डोंगराळ, दाट झाडीच्या भागात नुकतेच राहायला गेले आहेत. वणव्यांची काळजी बोलून दाखवली, तर मुलगा म्हणतो, “आई, इथली यंत्रणा चोख आहे. निघायची वेळ आली की मोबाइलवर मेसेज येतो.” एवढ्यावर विसंबावे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : चिरंजीवांचा यंत्रणेवरचा विश्वास अनाठायी नाही, परंतु निघण्यासाठी मेसेजची वाट पाहणे धोक्याचे आहे. ७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला, संध्याकाळी वारा फिरला आणि आगीची लांबलचक बाजूच तोंड होऊन गावांवर चालून आली. त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसे दगावली, आणि अनेक ठिकाणी इशारे उशिरा पोहोचल्याबद्दल चौकशी आयोगाने यंत्रणेवर ताशेरे ओढले.

त्यानंतर व्यवस्था पुष्कळ सुधारली. आता हवामानावरून आदल्या दिवशीच धोक्याची पातळी जाहीर होते. ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ (म्हणजे महाविनाशकारी) ही त्यातली सर्वांत वरची. आग लागल्यावर येणारे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे वेगळे. लाल इशारा येतो तेव्हा कधीकधी ‘आता निघू नका, उशीर झाला आहे’ असेच त्यात सांगितलेले असते. म्हणून निघण्याचा निर्णय आदल्या दिवशीच्या पातळीवर बेतावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे वेताळ टेकडीवर गवत पेटले तर ते ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवणारी माणसे आपण पाहिलेली असतात, त्यामुळे पुण्याहून गेलेल्यांना तिथल्या आगीचा अंदाज येत नाही. निलगिरीच्या सालीचे जळते पापुद्रे वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडतात आणि आग दिसण्याआधीच अंगणात ठिणग्या येतात. धुराने भरदुपारी अंधारते, रस्त्यावर झाडे आडवी होतात, आणि वीज गेल्यावर ज्या मोबाइलवर मेसेज यायचा, त्याचे टॉवरही बंद पडू शकतात. यासाठी घरात बॅटरीवरचा रेडिओ हवाच.

याचा अर्थ सरकारची जबाबदारी कमी होते, असा मुळीच नाही. ज्यांच्याकडे गाडी नाही, जे वृद्ध आहेत किंवा ज्यांना इंग्रजी सूचना नीट कळत नाहीत, त्यांना ‘तुमचे तुम्ही ठरवा’ म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. मात्र आपला मुलगा धडधाकट आहे आणि त्याच्याकडे गाडी असेल, तर त्याने आजच ठरवावे : कोणत्या पातळीला निघायचे, कोणाकडे जायचे, नात शाळेत असेल तर तिला कोण आणणार. हे त्याच्याकडून फोनवर वदवून घ्या.

मेलबर्न ज्या राज्यात आहे, त्या व्हिक्टोरियाचे ‘व्हिकइमर्जन्सी’ हे इशाऱ्यांचे संकेतस्थळ आपल्याला पुण्यातूनही पाहता येईल. फक्त त्या दिवशी वारंवार फोन न करता “निघालात का?” एवढाच लेखी निरोप पाठवा, कारण त्याच्या फोनची बॅटरी त्या वेळी इशाऱ्यांसाठी लागणार आहे.