जुन्या गाडीचे वायरिंग : बदलण्याआधी मोजावे

प्रश्न : माझी फोर-बाय-फोर गाडी 25 वर्षे जुनी असून चिखलात आणि खडकाळ वाटांवरच अधिक चालते. हल्ली ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटतो, हेडलाइट पिवळट दिसतात आणि खड्ड्यांतून जाताना टेललाइटचा फ्यूज अधूनमधून उडतो. मल्टीमीटरचा बीप (वायर सलग आहे का ते सांगणारा) सगळीकडे नीट वाजतो, तरीही संपूर्ण वायरिंग बदलण्याचा सल्ला मला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : इतक्यात मानू नये. ब्रेकबरोबर इंडिकेटर पेटणे हे मागच्या दिव्यांची अर्थ (करंट गाडीच्या धातूतून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) खराब झाल्याचे जवळजवळ खात्रीचे लक्षण आहे. परतीची वाट बंद झाल्यामुळे करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तात्पुरती वायर जोडून पाहावी. दोष नाहीसा झाला, तर अर्थचा स्क्रू काढून खालचा रंग आणि गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा.

बीपवर मात्र विसंबू नये. त्या चाचणीत मीटर अगदी नगण्य करंट सोडतो, त्यामुळे वायरीतील एकच तार शाबूत असली तरी तो वाजतो. 55 वॅटच्या हेडलाइटला मात्र साडेचार अँपिअरच्या आसपास करंट लागतो. म्हणून हेडलाइट चालू ठेवूनच व्होल्टेज मोजावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे बल्बच्या पॉझिटिव्ह पिनवर ठेवल्यावर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर तेवढे व्होल्टेज वाटेतच खर्च होत आहे. मग दुसरे टोक कनेक्टर, स्विच, फ्यूज असे एकेक टप्पा मागे आणावे. जिथे आकडा एकदम घसरतो, त्याच्या लगेच पुढच्या, म्हणजे बल्बच्या बाजूच्या, भागात दोष असतो. अर्थच्या बाजूने असेच मोजताना 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक संशयास्पद समजावा.

फ्यूजचे दुखणे अधिक चिकट आहे, कारण शॉर्ट हादऱ्याबरोबर येतो आणि जातो. टेललाइटचे बल्ब काढून, उडालेल्या फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब जोडावा, स्विच चालू करावा आणि एकाने हार्नेस (वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा) वीतभर अंतराने हलवत जावे. बल्ब झगझगीत पेटला की त्याच ठिकाणी वायर धातूला टेकली असे समजावे. चासीवरच्या क्लिपा, पत्र्याच्या भोकातील झिजलेले रबरी ग्रोमेट (वायरीला पत्र्याच्या कडेपासून जपणारी कडी) आणि सायलेन्सरजवळचा भाग आधी पाहावा. नंतर बसवलेल्या जादा दिव्यांचे, नुसती टेप गुंडाळलेले जोड तर विसरूच नयेत. मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणे हा उपाय नव्हे. फ्यूजऐवजी वायरच जळेल.

वायर वाकवताच आवरणाला तडे जात असतील किंवा टोकापासून बरेच आतपर्यंत सोलूनही तांबे काळे वा हिरवट दिसत असेल, तर तेवढा भाग, निरोगी तांबे लागेपर्यंत, त्याच जाडीच्या वायरीने बदलावा. बहुतेक जागी अशी अवस्था आढळली, तरच संपूर्ण हार्नेस बदलण्याचा विचार करावा.