वाट मोकळी, तरी प्रवाह बंद

प्रश्न : ट्रान्झिस्टरचे गेट इलेक्ट्रॉनसमोर अडथळा उभा करते, हे शिकलो. मग व्यतिकरणावर (तरंग एकमेकांत मिसळून वाढणे किंवा पुसले जाणे) चालणाऱ्या स्विचमध्ये अडथळ्याशिवाय प्रवाह थांबतो कसा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बेंझिनचे सहा कार्बनांचे कडे घ्या. पहिल्या कार्बनला एक तार जोडली आणि दुसरी समोरच्या चौथ्याला (पॅरा), तर दोन्ही बाजूंच्या वाटा तीन-तीन बंधांच्या होतात. इलेक्ट्रॉन तरंगासारखा दोन्ही वाटांनी एकदम जातो; तरंगांची शिखरे जुळतात, प्रवाह वाहतो. तीच तार तिसऱ्या कार्बनला (मेटा) लावा. आता एक वाट दोन बंधांची, दुसरी चारची. रेणूतल्या भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जा-पातळ्यांच्या मधोमध इलेक्ट्रॉनची तरंगलांबी चार बंधांएवढी, म्हणजे सुमारे ०.५६ नॅनोमीटर असते. त्यामुळे दोन बंधांचा फरक म्हणजे नेमका अर्धा तरंग. शिखरावर दरी पडते, दोन्ही तरंग एकमेकांना पुसतात आणि इलेक्ट्रॉन आल्या तारेत परततो. स्विच ‘चालू’ करायचा तर ही जुळणी बिघडवायची. २००६ मध्ये ॲरिझोना विद्यापीठाच्या कार्डामोन, स्टॅफर्ड आणि मझुमदार यांनी त्यासाठी तिसरी तार कड्याजवळ आणण्याची कल्पना मांडली.

प्रश्न : रेणूच कशाला? धातूचे कडे बनवणे सोपे नाही का?

उत्तर : बनवणे सोपे आहे, पण स्विच म्हणून ते कुचकामी. १९८५ मध्ये आयबीएममध्ये वेब आणि सहकाऱ्यांनी सुमारे ०.८ मायक्रोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कड्यात चुंबकक्षेत्र बदलून रोधाची आंदोलने पाहिली. दर ८ मिलिटेस्लाला एक आंदोलन, तेही १ केल्विनच्या खाली, आणि बदल जेमतेम ०.१ टक्का! सोन्यात इलेक्ट्रॉनसाठी असंख्य समांतर मार्गिका असतात. प्रत्येकीतल्या तरंगाची कला (शिखर-दरीची स्थिती) वेगळी, म्हणून एक पुसली तरी बाकीच्या वाहतच राहतात. शिवाय खोलीच्या तापमानाची ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जाच जुळणी विस्कटायला पुरते. छोट्या रेणूत पातळ्यांमधले अंतर काही इलेक्ट्रॉनव्होल्टचे असल्याने तो हा धक्का सोसतो.

प्रश्न : मग बाजारात का नाही?

उत्तर : खरे घोडे गेटपाशी अडते. दोन सोन्याच्या टोकांमध्ये फट जेमतेम एका नॅनोमीटरची, गेटखालचा विद्युतरोधक थर मात्र त्याहून जाड. दोन्ही टोकेच गेटचे क्षेत्र झाकून टाकतात. द्रावणातल्या आयनांचे गेट वापरले तर आयन रेणूला भिडतात आणि परिणाम स्पष्ट दिसतो. पण आयन सरकायला वेळ लागतो, म्हणून वेगाची आशा सोडावी लागते. आणखी एक गळती : कड्याच्या वर-खाली पसरलेल्या पाय (π) इलेक्ट्रॉनांचे तरंग पुसले गेले, तरी अणूंना थेट जोडणाऱ्या सिग्मा (σ) बंधांतून थोडा प्रवाह झिरपतोच. रेणू जितका आखूड, तितकी ही गळती जास्त. शिवाय रेणू सोन्यावर दर वेळी वेगळ्या कोनात बसतो. म्हणून एका मोजणीवर विसंबू नये. सोन्याचे टोक टेकवून-ओढून हजारो वेळा मोजावे आणि सगळ्या मोजण्यांच्या आलेखातले शिखर कुठे येते ते पाहावे.