आधी माणसं मोजा: आमच्या घरातील काही गमती आणि त्यांनी दिलेली शिकवण

प्रश्न असा आहे: "तुमच्या कुटुंबातील असा कोणता विनोदी प्रसंग आहे, ज्याने तुम्हाला आयुष्यभर पुरेल असे काही शिकवले, आणि असे प्रसंग मुलांना सांगावेत का?" प्रश्नकर्त्यांनी पुढे असेही लिहिले आहे की, त्यांच्या घरी मोठी माणसे जुन्या गमती सांगू लागली की तरुण मंडळी उठून जातात, त्यामुळे या सांगण्यातून काही पोचते की नाही याची त्यांना शंका वाटते.

पोचते, असे मी खात्रीने म्हणेन. माझे बालपण नागपुरात, महाल भागातील एका जुन्या घरात, आजी-आबा, मोठे बाबा-मोठी आई (म्हणजे बाबांचे थोरले भाऊ आणि वहिनी), काका-काकू, आई-बाबा आणि चुलत भावंडे अशा गोतावळ्यात गेले. त्या घरात घडलेली प्रत्येक गंमत इतक्या वेळा सांगितली गेली की, शेवटी तिचे एकच वाक्य शिल्लक राहिले आणि ते घरातील म्हण होऊन बसले. एरवी आम्ही ते वाक्य हसण्यासाठी वापरत असू. पण कठीण वेळ आली तेव्हा शाळेत पाठ केलेले एकही सुवचन कोणाला आठवले नाही, हे वाक्य मात्र आपोआप तोंडी आले. शिकवण अशी आत जाऊन बसते, हे मला एका पावसाळी पहाटे कळले. त्याआधी ती गंमत सांगायला हवी.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, आणि दिवसभर तापलेल्या भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतात. आमच्याकडे कूलर एकच होता आणि तो आबांच्या खोलीच्या खिडकीला लावलेला असे. बाकी सर्वांचा मुक्काम गच्चीवर. संध्याकाळी बादल्यांनी पाणी ओतून गच्ची निववायची, वाफ पूर्ण निघून गेली की सतरंज्या आणि त्यांवर गाद्या घालायच्या, कोपऱ्यात माठ ठेवायचा, असा क्रम ठरलेला होता. गाद्यांचे खाते मोठ्या बाबांकडे होते. त्या वर्षी त्यांनी सगळ्या गाद्यांचा कापूस नव्याने पिंजून घेतला होता, त्यामुळे त्या भिजू नयेत याची त्यांना फार काळजी वाटत असे.

एका रात्री वळवाचा पाऊस आला. आधी धुळीचा लोट आला, मग वीज गेली आणि लगेच टपोरे थेंब पडू लागले. "गाद्या! गाद्या!" असा मोठ्या बाबांनी पुकारा केला. अंधारात प्रत्येकाने हाताला लागेल ते उचलून जिना गाठला. मोठ्या बाबांनी तर एकेका गादीची वळकटी करून, ती खांद्यावर टाकून, अनेक खेपा केल्या आणि एकही गादी भिजू न देता सगळी चळत माजघरात रचली. ते समाधानाने धोतराच्या सोग्याने तोंड पुसत असतानाच काकूंनी विचारले, "आपली लहानी कुठं आहे?"

लहानी म्हणजे काकांची जेमतेम तीन वर्षांची मुलगी. ती कोणाच्याही कडेवर नव्हती. काका पुन्हा गच्चीवर धावले, बाबांनी परसातील विहिरीत टॉर्च मारून पाहिला, मोठ्या आईने देवापुढे हात जोडले. पुढची काही मिनिटे त्या घरात कोणीही हसत नव्हते, आणि ही गोष्ट सांगताना तेवढा भाग आजही कोणी वगळत नाही. मग माजघरातील चळतीमधून, अगदी वरच्या वळकटीतून, झोपाळलेला आवाज आला: "मोठे बाबा, लाइट लावा न."

वळकटी उलगडली. आत लहानी घामाने डबडबलेली, पण सुखरूप होती. मोठे बाबा जिन्याच्या पायरीवर बसले, आधी रडले आणि मग हसू लागले, ते थांबेनात. आजीने लहानीला पाणी पाजले आणि मोठ्या बाबांकडे वळून शांतपणे म्हटले, "गाद्या बराबर मोजल्या तुनं. मानसं कोन मोजीन?"

त्या रात्रीपासून "आधी माणसं मोजा, मग गाद्या" हे आमच्या घरात रूढ झाले. स्टेशनवर सामान उतरवताना, लग्नाहून परतताना, कोणी नव्या वस्तूच्या ओरखड्यावरून घर डोक्यावर घेतले तर, हे वाक्य कोणी ना कोणी म्हणत असे. लहानी आता स्वतः दोन मुलांची आई आहे. तिला त्या रात्रीचे काहीही आठवणे शक्य नाही, तरी ती हा प्रसंग आम्हा सर्वांपेक्षा अधिक तपशिलाने सांगते आणि आम्ही तिला अडवत नाही.

आता ती पहाट. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाणी पडले, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि २३ तारखेच्या पहाटे नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असताना पाणी घरात शिरले. माझा भाऊ त्याच भागात तळमजल्यावर राहतो, आई त्याच्याकडे असते आणि मी त्या दिवशी तिला भेटायला गेलेली होते. पाय जमिनीवर टेकले तेव्हा पाणी घोट्याच्या वर होते. अशा वेळी प्रत्येकाचा हात आपापल्या मोलाच्या वस्तूकडे जातो: भावाने कागदपत्रांची पेटी उचलली, वहिनी शिलाई मशीनकडे वळली, भाचा संगणकाच्या तारा ओढू लागला. आई जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. तिने एवढेच म्हटले, "आधी माणसं मोजा रे!"

कोणीही हसले नाही, पण सगळे जागीच थांबले. मोजले तर एक माणूस कमी होते. मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या, कानांनी मंद झालेल्या वृद्ध बाई अजून झोपलेल्याच होत्या आणि त्यांचे दार पाण्याच्या दाबाने उघडत नव्हते. भावाने आणि भाच्याने ते ढकलून त्यांना वर आणले. मशीन, संगणक, फ्रिज, धान्य सगळे पाण्यात गेले. मोठे बाबा त्याआधीच वारले होते. ते असते तर त्यांना गाद्यांबद्दल हळहळ वाटली असतीच, आणि आपल्या फजितीचे एक वाक्य इतक्या वर्षांनी कोणाच्या तरी उपयोगी पडले याचा आनंदही झाला असता.

दुसरा प्रसंग तान्ह्या पोळ्याचा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुले लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळतो. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. १८८० च्या दशकापासून चालत आलेल्या या मिरवणुकीत गावावरचे सगळे वाईट मारबतीबरोबर बाहेर जावे म्हणून लोक ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आमच्या घरीही मुले सकाळी दारात उभी राहून थाळ्या वाजवत आणि नको असलेल्या गोष्टींची यादी मारबतीच्या हवाली करत: खोकला, डास, गणिताचा पेपर.

त्या वर्षी आबांचे दूरचे मावसभाऊ, आमचे काटोलकडचे तात्या, मोतीबिंदूच्या उपचारासाठी येऊन बरेच दिवस राहिले होते. घर आधीच भरलेले, त्यात पथ्याचा स्वयंपाक वेगळा, त्यामुळे स्वयंपाकघरात दबक्या आवाजात काय बोलले जात होते ते मुलांच्या कानांवर पडत असे. मारबतीच्या सकाळी याच लहानीने, तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल, थाळीवर पळी आपटून खणखणीत आवाजात म्हटले, "पाहुणे घेऊन जा गे मारबत!" आणि तात्या तिच्या मागेच पाटावर चहा पीत बसलेले होते.

आजीच्या हातातील उलथने तसेच राहिले. आबांनी मान खाली घातली. तात्यांनी बशी खाली ठेवली, लहानीला ओढून मांडीवर घेतले आणि म्हणाले, "मारबतीत लय गर्दी असते माय. मी आपला यष्टीनंच जातो."

हसण्याचा जो कल्लोळ झाला त्यात सर्वांत मोठा आवाज तात्यांचाच होता. ते लगेच निघून गेले नाहीत. डोळ्याची पट्टी निघेपर्यंत राहिले, लहानीला बोजारा देऊन गेले, आणि पुढे संत्र्याचा बहर आला की त्यांच्याकडून पेटी येई, तिच्यावर लहानीचे नाव असे. त्या दिवसानंतर स्वयंपाकघरातील कुजबुज बंद झाली, कारण मुले काय ऐकतात ते सर्वांना कळले होते. मला मात्र या प्रसंगातील तात्यांचे वागणे अधिक मोलाचे वाटते. अपमान झाला होता, तो खरा होता आणि त्यामागे घरातील मोठ्यांची नाराजी होती, हे त्या चतुर माणसाला समजले नसेल असे मी मानत नाही. दुखावले जाण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता; तो त्यांनी वापरला नाही, आणि त्यामुळे दोन घरांतील येणे-जाणे पुढच्या पिढीपर्यंत टिकले.

माझ्या लग्नात त्याचा प्रत्यय आला. पत्रिकेत निमंत्रकांच्या यादीतून मोठ्या बाबांचे नाव छापखान्यातच गळले. आपल्याकडे एवढ्या कारणावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत, हे मराठी वाचकांना सांगण्याची गरज नाही. बाबा क्षमा मागायला गेले तर मोठे बाबा म्हणाले, "पत्रिकेत गर्दी असन. मी आपला यष्टीनं येतो." आणि मुहूर्ताच्या पुष्कळ आधी येऊन त्यांनी मांडवाच्या दारात उभे राहून पाहुण्यांचे स्वागत केले.

प्रत्येक गमतीतून शिकवण निघावी असा मात्र हट्ट नसावा. रामटेकच्या गडावर माझ्या आत्याने चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून त्या पिशवीत घालून बरोबर घेतल्या आणि डबा हातात धरला. वानराने खाऊ समजून पिशवी पळवली, कळसाजवळ बसून एकेक चप्पल हुंगली आणि नाराज होऊन दोन वेगवेगळ्या दिशांना भिरकावली. यातून आम्ही काहीही शिकलो नाही. आम्ही फक्त हसतो, आणि तेवढे पुरेसे आहे.

एक गोष्ट मात्र प्रश्नकर्त्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी, कारण घरातील गमतीने माणूस दुखावलेलाही मी पाहिला आहे. काकू लग्न होऊन पश्चिम महाराष्ट्रातून आल्या. मडक्यावरची लांब रोटी त्यांनी कधी पाहिलेलीही नव्हती. त्यासाठी कणीक अतिशय सैल भिजवून आपटून आपटून मळावी लागते, मग तिचा गोळा तळव्यांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापलेल्या मडक्यावर अलगद सोडायचा. काकूंची पहिली रोटी हातावरच फाटून कोपराला चिकटली. ही कथा पाहुण्यांपुढे वारंवार सांगितली जाई आणि काकू हसतही असत; पण ती सुरू झाली की त्या काहीतरी आणायला आत जात. आजीच्या ते लक्षात आले. तिने एकदा सर्वांसमोर निक्षून सांगितले, "जिच्या हातावर रोटी फाटली, तिनं सांगतली तर हसू. नाही तर नाही."

हा नियम आमच्या घरात आजही पाळला जातो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोठ्या बाबांची वळकटी मोठे बाबाच सांगत, चपलांची कथा आत्याच सांगते. काकूंनी पुष्कळ वर्षे काही सांगितले नाही. त्यांची सून आली आणि तिच्या हातून पहिली रोटी फाटली, तेव्हा काकूंनी आपण होऊन स्वतःची हकिकत तिला सांगितली, कोपर वर करून दाखवत. जिची फजिती झाली तिच्या हाती ती गोष्ट राहिली, म्हणूनच ती इतक्या वर्षांनी दुसरीला धीर देण्यासाठी वापरता आली.

तुमच्या घरातील तरुण मंडळी उठून जातात, त्यामागेही असेच काही आहे का ते पाहावे. ज्या गमती सांगितल्या जातात त्या त्यांच्याच लहानपणीच्या फजितीच्या असतील आणि सांगणारे दुसरेच असतील, तर कंटाळा हे केवळ निमित्त असू शकते. मुलांना सांगताना शेवटी तात्पर्य जोडू नये; त्याऐवजी वळकटी, मारबत, मडके या गोष्टी नीट समजावून सांगाव्यात, कारण फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला गच्चीवरची झोप ठाऊक नसते आणि मग गंमतही पोचत नाही. प्रश्न मुले स्वतःच विचारतात. तात्यांची गोष्ट ऐकून माझ्या मुलाने विचारले, "पण त्यांना वाईट वाटलं नसेल का?" मी त्याला खरे तेच सांगितले की, वाटले असणारच. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग लहानी मावशीला फोन लावून तिच्याकडून सगळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकू लागला.