‘गवळी धनगर’ की ‘धनगर गवळी’?

‘गवळी धनगर’ हा शब्द ‘गवळी आणि धनगर’ या अर्थाचा द्वंद्व समास मानावा का, आणि हाच समाज काही ठिकाणी ‘धनगर गवळी’ असा उलट क्रमाने का लिहिला जातो, असा प्रश्न आहे.

हा द्वंद्व नव्हे. हटकर धनगर, खुटेकर धनगर यांप्रमाणेच येथे पहिले पद विशेषण आहे आणि ते धनगरांपैकी कोणते, हे सांगते. पठारावरचे हटकर मेंढ्या घेऊन पावसामागे फिरतात. गवळी धनगर मात्र साताऱ्यापासून गोव्यापर्यंतच्या सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी पाळत आले, आणि दूध, लोणी, तूप खाली गावात विकून धान्य नेत आले. त्यांना ‘डंगे धनगर’ असेही म्हणतात. त्यातला ‘डंगे’ डोंगराळ रानाच्या ‘डांग’ या शब्दाशी जोडला जातो. हटकरांशी त्यांचे लग्नव्यवहार परंपरेने नाहीत. म्हणजे खालच्या गावाने दोघांनाही ‘धनगर’ म्हटले, तरी आतली सीमा जनावराने आणि सोयरिकीने आखलेली होती.

व्युत्पत्तीने ही सीमा उलगडत नाही, उलट गोंधळ वाढतो. ‘गवळी’चे मूळ ‘गोपाल’, प्राकृत ‘गोवाल’, याकडे नेले जाते आणि ते पटण्यासारखे आहे. ‘धनगर’मधले ‘धन’ म्हणजे पशुधन असे मानले, तर त्याला मेंढीचे बंधन उरत नाही. कन्नडातही ‘दन’ म्हणजे गुरे, आणि मेंढपाळाला तेथे ‘कुरी’ म्हणजे मेंढी यावरून ‘कुरुब’ हा वेगळा शब्द आहे. मग ज्याच्या नावात गुरे आहेत तो मराठीत मेंढपाळ ठरला, हे गमतीचेच! सांगली-कोल्हापूरच्या सीमाभागात तर मराठी धनगरांचा बिरोबा आणि कन्नड कुरुबांचा बीरप्पा एकच देव आहे. तेथे वेगळेपण दाखवते ती मुख्यतः भाषा.

क्रम उलटण्याचे कारण मला शेजाऱ्यांत दिसते. हे माझे अनुमान आहे. महाराष्ट्रात या समाजाला मेंढपाळ धनगरांपासून वेगळे ओळखायचे असते, म्हणून ‘गवळी’ हे विशेषण पुढे येते. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, मुंडगोड, हल्याळ या भागांत स्थिरावलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या याच लोकांना आसपासचे ‘गौळी’ म्हणतात. कर्नाटकात दुभती जनावरे पाळणाऱ्या गोल्लांसारख्या इतर जातीही आहेत. त्यांच्यापासूनचे अंतर ‘धनगर’ या पदाने दाखवले जाते, म्हणून तेथे ते आधी येते. नाव तेच, पण कोणापासून वेगळे व्हायचे, ते बदलले की विशेषणही बदलते.

नुसते ‘गवळी’ लिहिताना मात्र जपावे. लिंगायत गवळी, नंदगवळी हे निराळे समाज आहेत, आणि विदर्भातल्या गाविलगड किल्ल्याच्या नावाशी जोडले जाणारे गवळी या सह्याद्रीतल्या गवळी धनगरांचे पूर्वज होते असे केवळ नावाच्या साम्यावरून ठरवता येत नाही.

लेखनात दोन पदे सुटी ठेवावीत. मधे संयोगचिन्ह घातले की वाचक तो द्वंद्व समजतो. महाराष्ट्राविषयी लिहिताना ‘गवळी धनगर’ आणि कर्नाटक-गोव्याविषयी लिहिताना तिथला प्रचलित क्रम ठेवावा.