दहा वाजले की वळायचं

प्रिय पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या शेवटच्या चढाखाली गाइड म्हणाला, दहा वाजले, आता वळायचं. तू मदतनिसाबरोबर खाली उतरलीस. बाकीच्यांनी गाइडच्या मिनतवाऱ्या केल्या, माथा गाठला, आणि आता ग्रुपवर तिरंग्यासोबतच्या फोटोंचा पाऊस पडतोय. तू विचारतेस, “काका, मी घाबरून वळले की शहाणपणानं?” घाबरली होतीस की नाही, याच्याशी मला काडीचं देणंघेणं नाही. वेळ झाली होती ना? मग वळायचं.

पहाटे अडीच-तीनला तुम्हाला कॅम्पवरून का काढतात? सूर्योदय हे निमित्त. रात्रभर गोठलेला बर्फ कडक असतो, तो पाय तोलून धरतो. ऊन चढलं की वरचा थर मऊ पडतो आणि गुडघ्यापर्यंत पाय रुतायला लागतो. ओला बर्फ मायक्रोस्पाइक्सखाली, म्हणजे बुटावर चढवायच्या त्या दातेरी साखळ्यांखाली, चिकटून त्याचे गोळे होतात, दात जमिनीला लागतच नाहीत, आणि तुम्ही बुटाखाली साबण लावल्यासारखे घसरत उतरता. तेही पाय थकलेले असताना. दुपारनंतर ढग आले तर आलेली वाटही दिसत नाही.

सह्याद्रीनं आपल्याला लाडावून ठेवलंय. साल्हेर किल्ल्यावर उशीर झाला तर पायथ्याच्या वाघांब्यात कुणाच्या तरी पडवीत पथारी पसरता येते. पावसात चिंब झालो तरी खाली गरम चहा मिळतो. निफाडचा पारा पाचवर आला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी, आणि तिकडे जानेवारीच्या रात्री उणे दहा! कळसूबाई १६४६ मीटर, तुमच्या पायथ्याचं सांक्री गाव त्याहून उंच. म्हणजे महाराष्ट्र जिथं संपतो त्याच्याही वरून तुमचं चालणं सुरू होतं. तिथं घामानं भिजलेला सुती टीशर्टसुद्धा माणसाला आडवा करू शकतो.

जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्याच सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात नऊ जण दगावले. जूनमध्ये! अनुभवी माणसं होती ती. त्यांचं काय चुकलं हे सांगायचा अधिकार मला नाही. मी एवढंच बघतो, की हवा फिरली तर आपल्या हातात काय उरतं? उजेडाचे शिल्लक तास. ते माथ्यावर उधळायचे नाहीत.

तिकडच्याच कुआरी खिंडीखाली मी आपल्या नाशिकच्या सगळ्या गटाला वळायला सांगितलं होतं. आभाळ निळंशार, खिंड समोर. दोघांनी ऐकलं नाही. ते गेले, अंधाराआधी हसत परत आले, आणि त्यातला एक, ज्याच्याबरोबर मी अख्खी तरुणाई डोंगरात घालवली, पुन्हा माझ्याबरोबर आला नाही. लग्नकार्यात भेटला की अजून चारचौघांत तो किस्सा सांगतो. सांगू दे. ते सुखरूप आले म्हणून माझा निर्णय चुकला, असं होत नाही. आजही मी त्याच जागेवरून वळेन. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तिथून नंदादेवी समोर दिसते. माझी राहिली ती राहिलीच, आता गुडघे ऐकत नाहीत. तरीही वळेन!

आणि ‘अजून अर्धाच तास’ हे वाक्य पुढच्या वेळी माझ्यासमोर काढू नकोस. वळायची वेळ सांक्रीत, निघायच्या आदल्या संध्याकाळी, सगळ्यांसमोर ठरवायची. चढावर ठरवायला बसलात की माथा दिसत असतो, हवा विरळ असते आणि डोकं घासाघीस करायला लागतं. दहा म्हणजे दहा. डोकं ठणकत असेल आणि त्यात उलटी झाली, तर आठलाही खाली.

पैसे वाया गेल्याचं रडगाणं मला सांगू नकोस, ते घरी सांग.

बाटली गोठली म्हणालीस, ती उलटी ठेवत जा. बर्फ वरून धरतो, म्हणजे बूच मोकळं राहतं. बूट अजून ओले असतील तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळव. उन्हात टाकलेस तर सोल उकलेल. माझे गेटर्स, ते बुटात बर्फ शिरू न देणारे पायमोजे, तुझ्याकडेच राहू देत.

तुझा,
काका