सिम भुल्लर एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, तीनच सामने का खेळला?
माझ्या मते पाय जड पडले, दुसरं काही नाही. कॅनडात जन्मलेला हा पंजाबी पोरगा, उंची ७ फूट ५ इंच, एनबीएत उतरलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू. त्याचा संघ सॅक्रमेंटो किंग्ज तेव्हा गाळात होता, त्या मोसमात २९ विजय आणि ५३ पराभव. (मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचे, तेही कामी आलं असावं.) एप्रिल २०१५ मध्ये १० दिवसांचा करार मिळाला. पदार्पणात मैदानावर जेमतेम १६ सेकंद! तीन सामन्यांत मिळून २ गुण. आमच्या फोंड्यात शेवाळलेल्या कोर्टवरसुद्धा उंच पोरगा वळून मागे येईपर्यंत समोरचा ले-अप (पळत जाऊन बास्केटजवळून टाकलेला चेंडू) टाकून मोकळा होतो. तिथे तर सगळेच वाऱ्यासारखे पळणारे. पुढे तो तैवानच्या लीगमध्ये खेळला.