प्रश्न तुमचे : पाटी बघितल्याशिवाय तास संपवू नका

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं डी.एल.एड. आणि बी.एड. करणाऱ्या वाचकांची आहेत. आंतरवासितेसाठी (शाळेत राहून करायच्या प्रत्यक्ष सरावासाठी) शाळा मिळाली, सराव पाठ सुरू झाले आणि कॉलेजात सोपं वाटलेलं वर्गात अडायला लागलं, असा सगळ्यांचा सूर आहे. जागेअभावी पाचच प्रश्न घेतले असून पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी नांदेडला बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेली असल्याने वर्गात बोलायची भीती नाही. मुलं मन लावून ऐकतात, हसतात. पण आठवड्याने त्याच घटकावर पाच प्रश्न विचारले की निम्म्या वर्गाला काही येत नाही. आमच्या घरी आदर्श शिक्षक म्हणून स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेतात. तशी प्रेरणा देण्यात मी कुठे कमी पडतो?

उत्तर : स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, पण त्याआधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी रोजचे तास घेतले आहेत. सभेतलं भाषण आणि रोजचा तास ही दोन वेगळी कामं आहेत. तुमचं पत्र वाचून वाटतं की तुम्ही तासाला सभा करताय. मुलं ऐकतात हे खरं आहे, पण ऐकताना त्यांना स्वतः काही करावं लागत नाही. मुलाला खरी उभारी येते ती कालपर्यंत न जमणारी गोष्ट आज स्वतःच्या हाताने जमली की. तो क्षण प्रत्येकाच्या वाट्याला यावा, अशी तासाची मांडणी करणं हेच प्रेरणा देणं. ते शिकता येतं, आणि त्यासाठी मोठा आवाज किंवा शेरोशायरी लागत नाही.

आधी मोजमाप करा. एखाद्या सहाध्यायीला मागच्या बाकावर बसवा. दर दोन मिनिटांनी त्याने कागदावर एकच खूण करायची : आत्ता शिक्षक बोलतोय, एखादा मुलगा बोलतोय, की सगळी मुलं काही लिहितायत, सोडवतायत. 35 मिनिटांच्या तासात अशा सतरा खुणा होतात. त्यातल्या बारा-तेरा शिक्षकाच्या नावावर गेल्या, तर आठवड्याने काही का उरत नाही याचं उत्तर तिथेच मिळेल.

मग प्रश्न विचारण्याची पद्धत बदला. ‘समजलं का?’ हा प्रश्न टाचणातून, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यातून, काढूनच टाका. त्यावर ‘हो सर’ असा एका सुरात आवाज येतो आणि त्या आवाजात न समजलेली मुलं लपतात. आपली दुसरी सवय म्हणजे आधी नाव घेऊन मग प्रश्न विचारणं. नाव घेतलं की बाकीचे एकोणचाळीस जण सुटले. म्हणून आधी प्रश्न, मग शांतता, मग नाव. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, ‘येत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलतात. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. वर्गासमोर उभं राहिल्यावर ते फार लांबतात आणि आपणच उत्तर सांगून मोकळे होतो. तेव्हा मनात तीन आकडे मोजायची सवय लावून घ्या.

तिसरी गोष्ट पाटी. प्रत्येकाकडे पाटी, नसेल तर वहीचा मागचा कोरा कागद. प्रश्न सांगा, ‘लिहा’ म्हणा, सगळ्यांचं झालं की ‘दाखवा’. सगळ्या पाट्या एकदम वर. चाळीस पाट्यांवर नजर फिरवायला फार वेळ लागत नाही. तीन-चार चुकले असतील तर बाकीच्यांना स्वाध्याय देऊन त्या चौघांजवळ जाऊन बसा. दहा-बारा चुकले असतील तर चूक तुमच्या मांडणीत आहे. पुढे जाऊ नका, उदाहरण बदलून पुन्हा घ्या. एकेक पाटी वर गेली तर मुलं शेजाऱ्याचं बघून पुसतात, म्हणून ‘दाखवा’ म्हणेपर्यंत पाटी छातीशी पालथी धरायला लावा.

आता आठवड्याने विसरण्याबद्दल. एकदा शिकलेलं उजळणी न केल्यास पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात वेगाने निसटतं, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे मुलांच्या विसरण्याचा राग मानू नका, त्याची तजवीज करा. आज शिकवलेल्या घटकावरचे दोन प्रश्न उद्या तासाच्या सुरुवातीला, दोन आठवड्याने, दोन महिन्याने. पुस्तक मिटून, पाटीवर, चार मिनिटांत. पुन्हा वाचून दाखवण्यापेक्षा आठवून लिहायला लावण्याने जास्त टिकतं.

प्रश्न : अंबाजोगाईजवळच्या जिल्हा परिषद शाळेत माझी आंतरवासिता चालू आहे. तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी तीनदा समजावली. तरी मुलं चुकतातच. काही जणांना गणित जमणारच नाही का?

उत्तर : ताई, असा निष्कर्ष काढायच्या आधी चुकीची उत्तरं वहीत उतरवून घ्या. 403 वजा 178 हे एकच उदाहरण द्या. बरोबर उत्तर 225. ज्याचं 375 आलं, त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय : आठातून तीन, सातातून शून्य, चारातून एक. त्याला वजाबाकी येते. वरच्या संख्येतून खालची वजा करायची, एवढंच निसटलंय. ज्याचं 135 आलं, त्याने एककासाठी थेट शतकाकडून उसने घेतले आणि मधलं शून्य ओलांडलं. मग दशकासाठी पुन्हा शतकाकडेच गेला. त्याला उसने घेणं कळलंय, पण शंभरातून थेट दहा एकक निघत नाहीत हे कळलेलं नाही. दोघांच्याही वहीवर लाल फुली सारखीच पडते, मात्र दोघांना शिकवायची गोष्ट वेगळी आहे. चौथ्यांदा तेच समजावण्याने म्हणूनच काही होणार नाही.

दुसऱ्या मुलासाठी चिल्लरीचा खेळ घ्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर नोटा करा : चौघांच्या गटाला शंभराच्या 5, दहाच्या 20, एकच्या 20. एक जण बँक, एक गिऱ्हाईक, एक दुकानदार, एक लिहिणारा. बँकेला एकच नियम : शंभर दिले की दहाच्या दहा नोटा मिळतील, दहा दिले की एकच्या दहा. शंभराचे थेट एक-एक मिळणार नाहीत. गिऱ्हाइकाच्या हातात 403 द्या, म्हणजे शंभराच्या चार आणि एकच्या तीन, आणि 178 द्यायला सांगा. आठ सुटे नाहीत, म्हणून तो बँकेत जातो. तिथे दोनदा मोड घ्यावी लागते आणि हातात शंभराच्या 3, दहाच्या 9, एकच्या 13 राहतात. लिहिणाऱ्याने त्याच वेळी मांडणीत 4 खोडून 3, शून्यावर 9 आणि 3च्या जागी 13 लिहायचे. नोट आणि आकडा सोबत हलले पाहिजेत. आधी अर्धा तास खेळ आणि नंतर फळ्यावर गणित असं केलं तर मुलांच्या डोक्यात दोन्ही वेगळंच राहतं, आणि साहित्य वापरूनही उपयोग झाला नाही म्हणून आपण ते कपाटात ठेवतो.

बाजाराला मोठ्यांबरोबर जाणाऱ्या मुलाला चिल्लर कळते. 375 वाल्याला नोटा लागतीलच असं नाही. त्याला ‘375 मध्ये 178 परत मिळव, 403 येतात का बघ’ एवढं सांगितलं तरी तो थबकतो. ताळा करायची सवय त्याला आयुष्यभर कामाला येईल.

प्रश्न : सूक्ष्म अध्यापनात (सहाध्यायांसमोर घ्यायच्या छोट्या सराव पाठात) मला चांगले गुण आहेत, पण खऱ्या वर्गात टाचणातलं अर्धंही होत नाही आणि घंटा वाजते. (लातूर)

उत्तर : सूक्ष्म अध्यापनाचं चक्र 36 मिनिटांचं : 6 मिनिटं पाठ, 6 प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), 12 पुनर्नियोजन, 6 पुन्हा पाठ, 6 पुन्हा प्रत्याभरण. रचना चांगली आहे. बिघडतं ते विद्यार्थी झालेल्या सहाध्यायांमुळे. ते ‘पाचवीचे’ होऊन बसतात आणि सगळी उत्तरं बरोबर देतात. पुढच्या वेळी पाठाआधी तिघांना चिठ्ठ्या द्या : वरच्या वजाबाकीला एकाने 375 उत्तर द्यायचं, एकाने 135, एकाने काहीच न बोलता खाली बघायचं. कोणाला कुठली चिठ्ठी गेली हे पाठ घेणाऱ्याला कळू देऊ नका. त्या सहा मिनिटांत जे शिकाल ते खऱ्या वर्गात चालेल.

घंटेचं म्हणाल तर वेळ बहुधा प्रस्तावनेत जातो. गोष्ट, चित्र, ‘आज आपण काय शिकणार बरं?’ यात बारा मिनिटं संपतात. मग मुलांनी स्वतः करायचा भाग गृहपाठात ढकलला जातो, म्हणजे मूल अडतं तेव्हा तुम्ही जवळ नसता. 35 मिनिटांचा अंदाज असा ठेवा : कालचे दोन प्रश्न आणि प्रस्तावना मिळून 5, नवीन मुद्दा 8, सगळ्यांनी मिळून दोन उदाहरणं 8, एकट्याने 9, पाट्या बघून दुरुस्ती 5. एका तासात नवीन मुद्दा एकच. टाचणात तीन उद्दिष्टं लिहिली असतील तर तुम्ही तीन तासांचं टाचण काढलंय. ते लिहिताना डाव्या बाजूला ‘मी काय करणार’ आणि उजवीकडे ‘त्या वेळी मुलं काय करत असतील’ असे दोन रकाने करा. उजवीकडे सलग चार ओळी ‘ऐकतील’ आलं की तिथे बदल करा.

उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, अवघड घटक सकाळच्या पहिल्या दोन तासांतच घ्या. अकरानंतर मुलांचंच काय, तुमचंही डोकं चालत नाही.

प्रश्न : तांड्यावरच्या शाळेत सराव पाठ आहेत. पहिलीची मुलं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, माझं मराठी त्यांना अर्धवट कळतं. गावातली मुलंही ‘मी जायलोय’, ‘काय करायलास’ असं बोलतात. सुधारत बसू का? (जिंतूर परिसर)

उत्तर : बोलताना सुधारू नका. मूल काहीतरी सांगायला तोंड उघडतं तेव्हा पहिला शब्द चुकीचा ठरला, तर दुसरा येत नाही. ‘जायलोय’ ही मराठवाड्याची मराठी आहे, ती चूक नाही. लिहिताना मात्र फळ्यावर दोन्ही शेजारी लिहा : घरी ‘मी जायलोय’, पुस्तकात ‘मी जात आहे’. दोन्ही वाचून घ्या, कुठलंही खोडू नका.

गोरमाटीसाठी पहिल्याच आठवड्यात तिसरी-चौथीच्या मुलांकडून तीस-चाळीस शब्द लिहून घ्या : नाती, जेवण, शरीर, जनावरं, ‘बस’, ‘ये’, ‘दे’, ‘भूक लागली’. पहिलीतल्या पोराला शिक्षकाच्या तोंडून ‘याडी’ (आई) ऐकू आलं की त्याचा चेहरा बदलतो. नंतर चित्र दाखवून आधी त्यांचा शब्द, मग मराठी. अक्षरओळख मुलांना तोंडी येणाऱ्या मराठी शब्दांपासूनच सुरू करा. ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही तो जोडून वाचता आला तरी तो निव्वळ आवाज असतो. पालकसभेलाही ही वही घेऊन जा, आयाबाया त्यात भर घालतात.

प्रश्न : बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात दिवाळीच्या आगेमागे निम्मा पट आईवडिलांबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातो आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतो. ती पोरं मागे बसतात, काही विचारलं की मान खाली. त्यांना कुठून धरायचं?

उत्तर : काम ती जायच्या आधी सुरू करा. आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकणारी किती, याची यादी मुख्याध्यापकांबरोबर दसऱ्याच्या आधी करा. जाणाऱ्यांना शाळेने शिक्षण हमी पत्रक, म्हणजे दुसरीकडच्या शाळेत दाखवायचं कार्ड, द्यायचं असतं. ते मिळालंय आणि आईच्या पिशवीत गेलंय हे बघा. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे कारखान्याजवळच्या शाळेला कागदपत्र नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हेही घरच्यांना सांगा. स्वतःच्या वहीत प्रत्येकासाठी दोन ओळी : वाचनात कुठे आहे (अक्षर, शब्द, वाक्य, उतारा) आणि गणितात शेवटचं नीट काय जमत होतं.

परत आल्यावर पहिल्या दिवशी पुस्तकातला चालू धडा उघडू नका आणि वर्गासमोर चाचणीही नको. एकेकाला पाच मिनिटं जवळ बसवून त्या दोन ओळींशी ताडून बघा. जिथे गाडी थांबली होती त्याच्या एक पायरी खालून सुरू करा, म्हणजे पहिलं उत्तर बरोबर येईल. रोज वीस मिनिटं, चार-पाच जणांचा गट, उरलेल्या वर्गाला त्या वेळी लेखी काम.

गणितात त्यांच्या फडातलं घ्या. कोयता, मोळी, टन, गाडी, उचल (मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) हे शब्द त्यांना कोणी शिकवावे लागत नाहीत. एक मोळी 20 किलोची धरली तर एका टनाला किती मोळ्या? गाडीत दीड टन भरला तर? हे उदाहरण सगळ्या वर्गाला द्या आणि मोळी कशी बांधतात हे त्या पोरांना सांगू द्या. मात्र उचलीचा, कर्जाचा आकडा कोणाच्या घरचा विचारू नका. परत आलेल्यांना शेवटच्या बाकावर एकत्र बसवू नका. प्रत्येकाला गावात राहिलेल्या, समजूतदार मुलाशेजारी जागा द्या. पहिल्या आठवड्यात ती आलीच नाहीत तरी हजेरीत त्यांचं नाव रोज मोठ्याने घ्या आणि संध्याकाळी घरी चक्कर मारा, कारण बारा-तेरा वर्षांची मुलगी याच दिवसांत लहान भावंडांसाठी कायमची घरी राहते.